विश्लेषण : पांदणीच्या चिखलात आणि काश्मीरच्या बर्फात चालणारी जीप भारतात कुणी रुजवली?

पावसाळा सुरू झाला की केळापूर तालुक्यातील पांदण रस्त्यांची परीक्षा सुरू होते. पांढरकवडा शहरातून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. श्रीनगरहून निघून कन्याकुमारीपर्यंत पोहोचणारा हाच तो रस्ता. त्याच्या एका टोकाला हिवाळ्यात बर्फ पडतो, तर पांढरकवड्यात महामार्ग सोडून शेताकडे वळले की काळ्या मातीचा गारा लागतो. या दोन्ही ठिकाणी गाडी अडते ती बहुतेकदा एकाच कारणाने : पोट जमिनीला टेकते आणि चाके नुसती फिरत राहतात. या अडचणीवर उपाय ठरलेले वाहन स्वतंत्र भारतात रुजवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर कैलाशचंद्र महिंद्रा यांना जाते.

कैलाशचंद्र महिंद्रा कोण होते?

त्यांचा जन्म १८९४ मध्ये झाला. कुटुंब लुधियानाचे. नऊ भावंडांमध्ये जगदीशचंद्र सर्वांत थोरले. वडिलांचे छत्र लवकर हरपल्याने घराची जबाबदारी त्यांच्यावर आली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकलेल्या जगदीशचंद्रांनी धाकट्या कैलाशचंद्रांना शिक्षणासाठी केंब्रिजला पाठवले. परतल्यावर कैलाशचंद्रांनी कोलकात्याच्या मार्टिन अँड कंपनीत नोकरी केली. लेखनाचीही त्यांना आवड होती. ‘हिंदुस्थान रिव्ह्यू’चे संपादन त्यांनी केले आणि उद्योगपती सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांचे चरित्रही लिहिले.

जगदीशचंद्र टाटा स्टीलमध्ये विक्री विभागात वरिष्ठ पदावर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते देशाचे पोलाद नियंत्रक झाले. एक भाऊ पोलादातला, दुसरा व्यवहार आणि लेखणीतला. मोटार बनवण्याचा अनुभव मात्र दोघांनाही नव्हता.

अमेरिकेत त्यांना काय दिसले?

१९४२ मध्ये कैलाशचंद्र अमेरिकेतील भारतीय पुरवठा मंडळाचे प्रमुख झाले. युद्धासाठी लागणारा माल मिळवून तो भारताकडे रवाना करणे हे या मंडळाचे काम. याच काळात त्यांची गाठ विलीज-ओव्हरलँड कंपनीचे अभियंते डेलमार ऊर्फ बार्नी रूस यांच्याशी पडली. जीपच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांपैकी हे एक.

अमेरिकी लष्कराने १९४० मध्ये हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची मागणी केली होती. बँटम, विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी नमुने दिले. रूस यांनी विलीजच्या इंजिनाची शक्ती वाढवून ६० अश्वशक्तीपर्यंत नेली आणि वजनाची मर्यादा पाळण्यासाठी गाडीतला अनावश्यक भार काढून टाकला. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. युद्धानंतर विलीजने तीच गाडी नागरी रूपात आणली. नांगर ओढणारी, शेतीची यंत्रे चालवणारी गाडी म्हणून अमेरिकी शेतकऱ्यांपुढे तिची जाहिरात झाली.

कैलाशचंद्रांच्या नजरेने नेमके हेच हेरले. भारतातील बहुसंख्य गावे पक्क्या रस्त्यापासून दूर होती. आधी रस्ते होतील, मग मोटार जाईल, असे म्हणत बसले तर कित्येक वर्षे निघून गेली असती. रस्त्याची वाट न पाहणारी गाडी आणली तर ती आजच गावात पोहोचणार होती.

फाळणीने काय हिरावले?

२ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्या साथीने ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू केली. व्यवसाय पोलादाच्या व्यापाराचा. दोन वर्षांत देशाची फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलपदी पोहोचले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. आद्याक्षरे तीच राहिल्याने छापून ठेवलेले कागद वाया गेले नाहीत, असे सांगतात.

याच धामधुमीत १९४७ मध्ये कंपनीने जीप भारतात आणण्याचे काम हाती घेतले. मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून गाड्या उभ्या राहू लागल्या. १९५१ मध्ये जगदीशचंद्रांचे निधन झाले. ज्या थोरल्या भावाने केंब्रिजला पाठवले, तोच आता नव्हता.

पुढची कसोटी लगेच आली. परदेशी सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना यापुढे वाव नाही, प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम हवा, असे धोरण सरकारने १९५३ च्या सुमारास घेतले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातील जोडणीचे कारखाने बंद केले. महिंद्रांनी मात्र विलीजच्या सहकार्याने एकेक भाग इथेच बनवण्याचा मार्ग धरला. बाजार लहान होता, परकीय चलनाची चणचण होती, सुटे भाग बनवणारे कारखाने मोजके होते. तरीही हा मार्ग धरल्यामुळे जीप इथे टिकली.

जीप चिखलातून कशी निघते?

उत्तर बैलगाडीपासून सुरू करता येते. बैलगाडीचे चाक मोठे असते, त्यामुळे आख जमिनीपासून उंच राहतो. चाक चाकोरीत खोल गेले तरी आख मधल्या उंचवट्याला घासत नाही. गाडीचा सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांतील हे अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. युद्धकाळातील विलीज जीपमध्ये ते सुमारे २२० मिलिमीटर होते. आजच्या तीन दरवाजांच्या महिंद्रा थारमध्ये ते २२६ मिलिमीटर आहे. ऐंशी वर्षांत फरक पडला तो जेमतेम बोटाच्या अर्ध्या जाडीचा.

कारण केवळ उंची वाढवून भागत नाही. जीपची पुढची-मागची चाके एकमेकांपासून साधारण दोन मीटरवरच होती. त्यामुळे धुरा ओलांडताना गाडीचे पोट मध्ये टेकत नसे. पुढचे चाक जवळजवळ नाकाशी असल्याने नाल्याच्या चढाला आधी बंपर नव्हे, चाक भिडत असे. चारही चाकांना ताकद मिळत असे. शिवाय ‘लो’ गिअरमुळे वेग कमी होऊन ओढ वाढत असे.

बर्फात आणि काळ्या मातीत फरक काय?

थर गाडीच्या पोटापेक्षा जाड झाला की दोन्हीकडे गत एकच. बर्फ गाडीखाली दाबला जातो, गाडी त्यावर तरंगल्यासारखी बसते आणि चाकांवरचा भार कमी होऊन पकड सुटते. खोल चाकोरीतही तसेच होते. थर पातळ असेल तर मात्र उंचीपेक्षा टायर महत्त्वाचा. बर्फात साखळी किंवा हिवाळी टायर लागतात. काळी माती पाण्याने फुगते आणि चिकटते. ती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी २०० मिलिमीटर उंची असूनही गाडी जागची हलत नाही.

मग आजच्या क्रॉसओव्हरचे काय?

क्रॉसओव्हर दिसते एसयूव्हीसारखी, पण तिची घडण कारची. वेगळी चौकट नसते, बहुतेकींमध्ये ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते आणि लो गिअर नसतो. जाहिरातीतील १८० ते २१० मिलिमीटर हा आकडा साधारणपणे रिकाम्या गाडीचा असतो. करासाठीही मोजमाप तसेच. मोठ्या गाड्यांवर तेव्हा असलेल्या जादा उपकरासाठी ठरलेली १७० मिलिमीटरची अट रिकाम्या गाडीला लावावी, असे जीएसटी परिषदेने जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केले. पाच माणसे बसली, मागे खताची दोन पोती टाकली, की गाडी दबते आणि पोट खाली येते. जुन्या जीपचा आख मात्र थेट चाकांना जोडलेला असे. ओझे वाढले की वरची चौकट दबत असे, पण आखाची उंची टायर दबेल तेवढीच कमी होत असे.

म्हणून महामार्ग, खड्डे, गतिरोधक आणि मुरूम टाकलेला रस्ता यासाठी क्रॉसओव्हर पुरेशी आहे. भर पावसात पांदणीने रोज शेत गाठायचे असेल, तर गाडी घेताना चार प्रश्न विचारावेत : भरल्या गाडीची उंची किती, चारही चाकांना ताकद मिळते का, लो गिअर आहे का, आणि टायर कोणते?

कैलाशचंद्रांचा वारसा कुठे दिसतो?

१९६३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुत्र केशुब महिंद्रा अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ट्रॅक्टर बनवण्यासाठी इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासोबत नवी कंपनी स्थापन झाली. नांगर ओढणारी गाडी म्हणून अमेरिकेत ज्या जीपची जाहिरात झाली होती, तिच्या जोडीला आता खरा ट्रॅक्टर आला. १९५३ मध्ये त्यांनी सुरू केलेला के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट आजही परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थ्यांना मदत करतो. भावाने केंब्रिजला पाठवलेल्या विद्यार्थ्याने ते ऋण असे फेडले.

पांढरकवडा परिसरात हा वारसा रोजच्या बोलण्यात आहे. तहसील, वनखाते, निवडणूक, काळी-पिवळी यांची गाडी कोणत्याही कंपनीची असली, तरी जुनी माणसे तिला जीपच म्हणतात. टिपेश्वर अभयारण्यातील सफारीची उघडी गाडीही त्याच घराण्यातली वाटते. महामार्ग चौपदरी झाला, गावोगाव डांबर पोहोचले. पण शेतापर्यंतचा शेवटचा टप्पा अजून अनेक ठिकाणी मातीचाच आहे. कैलाशचंद्रांनी ज्या रस्त्यांसाठी जीप निवडली, त्यांतले हे उरलेले रस्ते आहेत.