भटजींवाचून लग्न

जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांच्या चरित्रात लग्नाचा मांडव पुनःपुन्हा येतो. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या नगरात मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली व पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही पुढे नगरला फॅरारबाईंकडेच अध्यापनाचे शिक्षण घेतले.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, सीताराम आल्हाट व राधा यांचे लग्न भटजींवाचून लागले. परंतु नुसता भटजी वगळून भागणार नव्हते. त्याच्या जागी उभा राहणाऱ्याला विधी हवा होता. म्हणून जोतीरावांनी १८८७ साली मराठी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका काढली. तीत वधू आपले हक्क मागते आणि वर ते देण्याचे वचन देतो.

विरोध झालाच. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ साली असे लग्न लावले, तेव्हा जोशांनी दक्षिणेसाठी फिर्याद केली. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि पाटलांची बाजू टिकली.

१८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला. तरीही ४ फेब्रुवारी १८८९ रोजी दत्तक पुत्र यशवंताचे लग्न त्यांनी याच पद्धतीने लावले.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांची लग्ने अजून व्हायची आहेत. मांडवात आपल्या नावाने दिलेले वचन आपल्याला समजेल काय, एवढे तरी आधी विचारावे.