कागदाच्या सुरळीतून ऐकू आलेली छाती : डॉ. रेने लेनेक यांची कहाणी

दवाखान्यात गेलं की डॉक्टर आधी काय होतंय ते विचारतात आणि मग गळ्यातली नळी छातीवर टेकवून लांब श्वास घ्यायला सांगतात. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, यात काही फरक नाही. काही रुग्णांना तर नळी लावल्याशिवाय तपासल्यासारखंच वाटत नाही. पण साधारण दोनशे वर्षांपूर्वी ही नळी जगात कुठेच नव्हती. छातीच्या आत नेमकं काय बिघडलं आहे हे बहुतेक वेळा माणूस गेल्यावर, शवविच्छेदनाच्या टेबलावरच कळायचं. जिवंत माणसाला कुठेही चिरा न देता आतला आजार ओळखण्याची वाट ज्यांनी घालून दिली, ते फ्रान्सचे डॉक्टर रेने लेनेक. १३ ऑगस्ट हा त्यांचा स्मृतिदिन.

लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर या गावी झाला. वडील वकील होते, पण कविता करण्यात आणि पैसा उडवण्यात त्यांचा वेळ जास्त जाई. रेने पाच वर्षांचा असताना आई वारली. मुलांचा सांभाळ वडिलांना काही जमला नाही. पोरगा आधी पाद्री असलेल्या चुलत आजोबांकडे गेला आणि मग नांत शहरातल्या काकांकडे. हे काका, गियोम लेनेक, नांतमधले नावाजलेले डॉक्टर. रेनेला बाप म्हणून खऱ्या अर्थानं लाभले ते हेच.

काकांचं घर ज्या चौकात होतं तिथेच फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतीच्या काळात गिलोटिन उभं राहिलं. १७९३-९४ चा तो काळ नांतसाठी भयंकर होता. लॉआर नदीत माणसं होड्यांत बांधून बुडवली जात होती आणि चौकात मुंडकी उडत होती. बारा-तेरा वर्षांचं पोर हे सगळं खिडकीतून बघत होतं. चौदाव्या वर्षी काकांनी त्याला हाताशी घेतलं. आजारी आणि जखमी सैनिकांनी भरलेल्या इस्पितळात तो मलमपट्टी करू लागला. इंग्रजी, जर्मन शिकला. बासरीही शिकला, आणि ती आयुष्यभर सोबत राहिली. मुलानं डॉक्टर व्हावं हे वडिलांना पसंत नव्हतं. शिक्षणाच्या पैशासाठी त्यांना पत्रांवर पत्रं लिहावी लागत.

१८०१ साली रेने पॅरिसला पोहोचले. शारिते इस्पितळात त्यांना गुरू मिळाले ते नेपोलियनचे डॉक्टर कोरव्हिझार. दोनच वर्षांत, १८०३ मध्ये, लेनेक यांनी वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांची पहिली बक्षिसं पटकावली. अंगानं बुटके, काटकुळे, सदा धाप लागलेले. पण शवविच्छेदनाच्या खोलीत तासन् तास उभे राहत.

इथे कोरव्हिझार यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लेनेक यांच्या कामाची पायरी त्यांनीच बांधून ठेवली होती. व्हिएन्नाचे डॉक्टर आउएनब्रुगर यांनी १७६१ साली एक छोटं पुस्तक काढलं होतं. रुग्णाच्या छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी साठलं आहे का, फुफ्फुस घट्ट झालं आहे का, हे आवाजावरून ओळखायचं, असा त्याचा विषय. आउएनब्रुगर हे खाणावळवाल्याचे चिरंजीव. पिंपात माल कुठवर आहे हे बाहेरून ठोकून बघण्याची सवय घरातलीच, त्यावरून हे सुचलं असं म्हणतात. आपल्याकडे कलिंगड ठोकून बघतात, तसंच काहीसं. पण त्यांच्या हयातीत त्या पुस्तकाला फारसं कुणी विचारलं नाही. कोरव्हिझार यांनी ते १८०८ मध्ये फ्रेंचमध्ये आणलं, तेव्हा कुठे ही ठोकण्याची पद्धत रूढ झाली.

नोकरीच्या बाबतीत मात्र लेनेक यांचं नशीब मागेच राहिलं. हुशारी सगळ्यांना मान्य होती, पण मोठ्या इस्पितळातली जागा मिळेना. खाजगी रुग्ण बघून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात अभ्यास. या काळातली एक गोष्ट सीमाभागातल्या वाचकाला लगेच कळेल. १८१४ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात ब्रिटनीचे आजारी सैनिक दाखल झाले होते. खेड्यातली पोरं, त्यांना फक्त ब्रेतॉन भाषा येई, फ्रेंच नाही. कुठं दुखतंय हे सांगता येत नव्हतं आणि डॉक्टर काय म्हणतात तेही कळत नव्हतं. लेनेक यांनी ही सगळी पोरं आपल्या वॉर्डात एकत्र आणवली. ते स्वतः फ्रेंच बोलणाऱ्या घरातले. ब्रेतॉन भाषा त्यांनी मोठेपणी शिकून घेतलेली. त्याच भाषेत ते या मुलांशी बोलत. परक्या भाषेच्या दवाखान्यात उभं राहिलेल्या माणसाला आपल्या भाषेत कुणी विचारपूस केली की काय वाटतं, हे इथे वेगळं सांगायला नको.

१८१६ मध्ये अखेर नेकेर इस्पितळात जागा मिळाली. वय पस्तीस. आणि त्याच वर्षी ती घटना घडली.

हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी त्यांच्याकडे तपासणीसाठी आली. अंगानं स्थूल, त्यामुळे ठोकून किंवा हात ठेवून काही उमजेना. छातीला थेट कान लावून ऐकण्याची पद्धत ग्रीक वैद्यांच्या काळापासून माहीत होती, पॅरिसचे काही डॉक्टर ती वापरतही होते. पण तरुण बाईच्या छातीला कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. आता काय करायचं? त्यांना ध्वनीची एक साधी गोष्ट आठवली. लांब लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीनं खरवडलं तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं. त्यांनी कागदांचा एक ताव-गठ्ठा घेतला, घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके कान थेट टेकवून येतात त्याहूनही स्वच्छ ऐकू आले.

लूव्र राजवाड्याच्या आवारात मुलं लाकडाच्या ओंडक्याशी असा खेळ खेळत होती, तो बघून त्यांना हे सुचलं, अशी गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगतात. गोष्ट छान आहे. पण स्वतःच्या पुस्तकात त्यांनी मुलांचा उल्लेख केलेला नाही, फक्त तुळईचा केला आहे.

सुरळी करायला एक क्षण लागला, पण खरं काम पुढच्या तीन वर्षांत झालं. घरी लेथ होतं. त्यावर लेनेक स्वतः लाकूड कातून नळ्या करू लागले. वेगवेगळी लाकडं, वेगवेगळ्या जाडी करून पाहिल्या. शेवटी साधारण फूटभर लांबीची, आत बारीक भोक असलेली, दोन तुकड्यांत सुटी होणारी लाकडी नळी पक्की झाली. तिला ते नुसतं सिलिंडर म्हणत. स्टेथोस्कोप हे नाव त्यांनीच नंतर ग्रीक शब्दांवरून जुळवलं. छाती आणि पाहणं हे ते दोन शब्द. ऐकायच्या यंत्राच्या नावात पाहणं यावं, ही गंमतच. पण त्यांना हवं होतं ते पाहणंच.

कारण नुसता आवाज ऐकून काय उपयोग? तो कशाचा हे कळायला हवं. तिथे लेनेक यांनी हिशेबाच्या वहीसारखं काम केलं. रुग्ण जिवंत असताना काय ऐकू आलं याची नोंद एका बाजूला. तो दगावला तर शवविच्छेदनात फुफ्फुसात, हृदयात काय दिसलं ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू जुळल्या की त्या आवाजाला अर्थ मिळाला. न्यूमोनियात मीठ तापल्यावर तडतडतं तसा बारीक आवाज येतो. फुफ्फुसाभोवती पाणी झालं की रुग्णाचं बोलणं शेळी बेंबाटल्यासारखं थरथरतं. आणि क्षयानं फुफ्फुसात पोकळी पडली असेल तर रुग्णाचा आवाज तोंडातून नव्हे, छातीतूनच थेट नळीत बोलल्यासारखा येतो. हे आवाज, त्यांची नावं, आजही डॉक्टर होणाऱ्या मुलांना पाठ करावी लागतात. सगळंच काही बरोबर निघालं नाही. हृदयाच्या दुसऱ्या ठोक्याचं कारण त्यांनी चुकीचं सांगितलं होतं, ते पुढच्यांनी दुरुस्त केलं.

१८१८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी आपलं काम मांडलं आणि ऑगस्ट १८१९ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ बाहेर आला. थोडे जास्तीचे पैसे भरले की पुस्तकाबरोबर नळीही मिळे. यकृताच्या आजाराला सिरोसिस हे नावसुद्धा याच पुस्तकातलं, पिवळसर-तांबूस रंगाच्या ग्रीक शब्दावरून. दारू आणि लिव्हर याविषयी बोलताना हा शब्द आज खेड्यापाड्यातही सर्रास ऐकू येतो.

विरोध झालाच. सगळ्यात जहाल विरोधक होते ब्रुसे, हेही ब्रिटनीचेच. बहुतेक सगळे आजार आतड्याच्या दाहातून होतात आणि जळवा लावून रक्त काढलं की बरे होतात, असं त्यांचं मत. आणि हे मत चालत होतं! १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींवर जळवा बाहेरून आणल्या. इंग्लंडमध्ये जॉन फोर्ब्स यांनी १८२१ साली लेनेक यांचा ग्रंथ इंग्रजीत आणला, पण ही नळी सर्वसाधारण वापरात येईल याची त्या अनुवादकालाच शंका होती. दुसरीकडे लेनेक यांचे एक स्नेही, डॉक्टर केरगारादेक, यांनी १८२१ च्या सुमारास गर्भवतीच्या पोटाला नळी लावली. ऐकायचं होतं गर्भजलाचं हेलकावणं, ऐकू आले बाळाचे ठोके. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई पोटाला कर्ण्यासारखी छोटी नळी लावून बाळाचे ठोके मोजत, ती रूपानं लेनेक यांच्या लाकडी नळीच्या सगळ्यात जवळची.

पण ज्या आजाराचा आवाज लेनेक यांनी सगळ्यात बारकाईनं ऐकला, त्यावर औषध मात्र नव्हतं. क्षय. त्यांचा भाऊ मिशो त्यानंच गेला. जिवलग मित्र डॉक्टर बेल १८१६ मध्ये त्यानंच गेले. क्षयाचा जंतू कॉखला सापडायला १८८२ साल उजाडलं, आणि त्यानंतरही औषधासाठी साठेक वर्षं जावी लागली. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये एकविसाव्या वर्षी गेल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झालेली असतानाही रुजू होता आलं नाही, ते याच आजारानं. रोग ओळखता येत होता, हातात उपाय नव्हता. लेनेक यांना वाटे, ब्रिटनीच्या समुद्रकाठची हवा क्षयाला मानवते. म्हणून त्यांनी शारितेच्या वॉर्डात ताजं समुद्री शेवाळ आणून रुग्णांच्या आसपास ठेवून पाहिलं. समुद्रावर रुग्ण नेता येत नाही, तर समुद्रच वॉर्डात आणू, असा प्रकार. त्यानं कुणी बरं झालं नाही. रक्त काढून आधीच खंगलेल्या माणसाला आणखी खंगवण्यापेक्षा ते बरंच म्हणायचं.

ग्रंथ लिहिताना त्यांची स्वतःची तब्येत ढासळली होती. १८१९ मध्ये सगळं सोडून ते ब्रिटनीला, दुआर्नने गावाजवळच्या केरलुआर्नेक या आपल्या घरी गेले. शेती, शिकार, मोकळी हवा. दोन वर्षांत अंगात जीव आला आणि ते पॅरिसला परतले. आता मान मिळू लागला. १८२२ मध्ये कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले, पुढच्या वर्षी शारितेत गुरू कोरव्हिझार यांच्याच जागेची परंपरा त्यांच्याकडे आली. परदेशातून डॉक्टर शिकायला येऊ लागले. डिसेंबर १८२४ मध्ये त्यांनी घर सांभाळणाऱ्या नात्यातल्या विधवा बाई, जॅकमिन आर्गू, यांच्याशी लग्न केलं. तेव्हा वय त्रेचाळीस. मूल होण्याची आशा लागली होती, पण गर्भपात झाला.

ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८२६ साली आली. सुधारून, वाढवून लिहिलेली. त्यात त्यांनी एक जुनी गोष्टही नोंदवली आहे : तरुणपणी मृतदेहाचे मणके करवतीनं कापताना बोटाला जखम झाली आणि तिथे क्षयाची छोटी गाठ उठली होती. त्यांनी ती जाळून टाकली आणि विषय संपला असं धरलं. तो आजार संसर्गानं होतो हे त्यांना फारसं पटत नव्हतं.

त्या कामातच ताप, खोकला, धाप वाढत गेली. चुलत भाऊ मेरियादेक हाही डॉक्टर, लेनेक यांच्याकडेच शिकलेला. लेनेक यांनी त्याच्या हातात नळी दिली आणि आपली छाती ऐकायला सांगितली. जे ऐकू येईल ते जसंच्या तसं सांगायचं. मेरियादेकनं डाव्या-उजव्याची खूण धरून वर्णन केलं. त्या आवाजांचा अर्थ खोलीतल्या दोघांनाही माहीत होता, आणि एकाला तर तो सगळ्या जगाच्या आधी कळला होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला ते पत्नीसह घोडागाडीनं ब्रिटनीला निघाले. पुन्हा एकदा तीच हवा, तेच घर. या वेळी गुण आला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी बोटातल्या अंगठ्या एकेक करून स्वतःच काढून ठेवल्या. पुढे हे काम दुसऱ्या कुणाला करावं लागू नये म्हणून, असं चरित्रकार सांगतात. १३ ऑगस्ट १८२६ रोजी केरलुआर्नेकमध्ये त्यांचं निधन झालं. वय पंचेचाळीस.

मृत्युपत्रात मेरियादेकच्या वाट्याला वैद्यकीय कागदपत्रं, घड्याळ आणि लाकडी नळी आली. आपण मागे ठेवतो त्यात सगळ्यात मोलाची वस्तू ही नळीच, असं त्यांनी त्यात नमूद केलं होतं. मेरियादेकनं १८३१ मध्ये लेनेक यांच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती स्वतःच्या टिपा जोडून काढली. दोन्ही कानांना लावायची नळी यायला आणखी वीस वर्षं गेली.