ख्रिस्तचरित्र पाहणारा प्रेक्षक : दादासाहेब फाळके

धर्मग्रामांतून चित्रपट-रसास्वादाची मंडळे काढावीत, चार तरुण एकत्र बसून चित्रपट पाहतील, त्यावर बोलतील आणि जमल्यास स्वतः एखादा लघुपट करतील, ही कल्पना आपल्याकडे वेळोवेळी मांडली गेली आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपटावर स्वतंत्र विश्वपत्र काढले; येशूसंघीय फादर गास्ताँ रोबेर्ज यांनी १९७० साली कोलकात्यात 'चित्रबाणी' ही संस्था उभी केली. परंतु चित्रपट कसा पाहावा आणि पाहून काय करावे, याचा धडा या सर्वांच्या कितीतरी आधी एका मराठी गृहस्थाने गिरगावात घालून दिला होता. आणि त्याच्यासमोरच्या पडद्यावर तेव्हा प्रभू येशूचे चरित्र होते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. स्कॉटिश मिशनच्या त्या महाविद्यालयामुळे त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा मुंबईकर झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. धुंडिराज जे. जे. कलाशाळेत व नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण, नेपथ्य, जादूचे प्रयोग, छपाई यांपैकी काही त्यांनी सोडले नाही आणि कशातही ते फार काळ टिकले नाहीत. गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत असता प्लेगने पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून त्यांनी छापखाना काढला, त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी बिनसले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर हा कलावंत रिकाम्या हाताने घरी बसला.

अशा मनःस्थितीत त्यांनी गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. तो १९१०चा नाताळ होता असे काही चरित्रकार मानतात, तर काहींच्या मते १९११चा पुनरुत्थानाचा सण. दुसरी पत्नी सरस्वतीबाई यांनीही तो त्यांच्यासमवेत पाहिला. पडद्यावर ख्रिस्त वावरत असताना फाळक्यांच्या मनात मात्र राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्यापैकी कुणाला हे वाचून किंचित चुटपुट लागेल. मला मात्र त्यात प्रामाणिकपणाच दिसतो. दुसऱ्याची भक्ती पाहून या माणसाला आपल्या भक्तीची आठवण झाली, आणि त्याने ती लपवली नाही.

यानंतरचे काही महिने रसास्वाद मंडळांनी मुद्दाम अभ्यासावेत असे आहेत. मुंबईत लागेल तो चित्रपट पाहायचा, घरी येऊन त्याची चिकित्सा करायची, फिल्मचे तुकडे आणि खेळण्यातले यंत्र मिळवून मेणबत्ती व भिंग यांच्या साहाय्याने भिंतीवर चित्रे पाडायची, असा त्यांचा क्रम होता. झोप नाही, विश्रांती नाही. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेली. वैद्यकीय उपचारांनी ती परत आली, तेव्हा त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी इंग्लंडला प्रयाण केले. लंडनमध्ये ओळखीचे कुणी नव्हते. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे कार्यालय शोधून ते सरळ संपादकांपुढे जाऊन उभे राहिले. संपादकांनी आधी त्यांना या धंद्यापासून परावृत्त करून पाहिले. मग त्यांची तळमळ पाहून निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. विल्यमसन कॅमेरा मागवून फाळके एप्रिलमध्ये परतले.

भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि दररोज थोडे थोडे चित्रण करून रोपाची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखवली. घरच्या घरी झालेला हा आपला आद्य हौशी लघुपटच. 'राजा हरिश्चंद्र'चा कारखाना म्हणजे दादरचा त्यांचा बंगला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडणे व ती धुणे शिकून घेतले, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडला आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. आपल्या चित्रपट-इतिहासांत या बाईंना मिळालेली जागा फारच तोकडी आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना साडी नेसवण्यात आली. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगण्याची शिकवण नटांना दिली होती. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये हा चित्रपट लोकांपुढे आला.

पुढे बिऱ्हाड नाशिकला गेले. 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' यांनी लोकांना वेड लावले; कालियामर्दनात कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. १९१८ साली निघालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. फाळके राजीनामा देऊन काशीस गेले, तेथे नाटक लिहिले आणि परतही आले. बोलपट आल्यावर काळ बदलला. १९३७चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट, आणि अखेरचाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ साली.

त्यांच्या कितीतरी चित्रपटांचा आज मागमूस नाही. चित्रपट कसा तयार होतो हे सामान्य प्रेक्षकाला समजावे म्हणून त्यांनी केलेल्या एका लघुपटाचा काही भाग मात्र शिल्लक आहे. त्यात स्वतः दादासाहेब दिसतात. नटांकडून तालीम करून घेणारे, आणि फिल्मची पट्टी हातात धरून ती बारकाईने निरखणारे.