विश्लेषण : कधीच न उडालेला ‘रुपेरी पक्षी’ हायपरसॉनिक विमानांचा पूर्वज कसा ठरला?

ध्वनीच्या पाचपट किंवा त्याहून अधिक वेगाला हायपरसॉनिक म्हणतात. ढोबळमानाने ताशी ६ हजार किमी. या वेगाने जाणाऱ्या विमानाचा आकार कसा असावा, याचे सविस्तर गणित सर्वप्रथम मांडणाऱ्यांत ऑस्ट्रियाचे अभियंते ऑयगन झेंगर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे विमान उडालेच नाही, आणि ते ज्यांच्यासाठी आखले गेले ते पाहता ते उडाले नाही हे बरेच झाले.

पूल बांधायचे सोडून रॉकेटकडे

झेंगर यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०५ रोजी बोहेमियातील प्रेसनित्स या गावी झाला. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. शाळकरी वयात मंगळवासीयांवरची एक जर्मन विज्ञान कादंबरी हाती पडली आणि अवकाशाचे वेड लागले. शिक्षण मात्र स्थापत्य अभियांत्रिकीचे. व्हिएन्नातील तंत्रविद्यापीठात त्यांना रॉकेट उड्डाणावर प्रबंध लिहायचा होता. तो विषय नाकारला गेला, तेव्हा विमानाच्या पंखांच्या सांगाड्यावर लिहून पदवी घेतली. नाकारलेल्या विषयाचे १९३३ मध्ये पुस्तक झाले. ऑस्ट्रियाच्या संरक्षण खात्याने त्यांचे प्रस्ताव फेटाळले. जर्मनीच्या हवाई खात्याने मात्र त्यांना बोलावून घेतले आणि ट्राउएन येथे संशोधन केंद्र उभारून दिले. तिथेच भौतिकशास्त्रज्ञ इरेने ब्रेट त्यांच्या चमूत आल्या. पुढची अवघड आकडेमोड दोघांची आहे. श्रेय मात्र बहुतेकदा एकट्या झेंगर यांच्या नावावर जमा होते.

पोट सपाट का?

साध्या विमानाला उचलून धरण्यात पंखाच्या वरच्या बाजूवरील कमी दाबाचा मोठा वाटा असतो. हायपरसॉनिक वेगात चित्र पालटते. वरच्या बाजूचा उपयोग जवळपास संपतो, कारण तिथला दाब फार तर शून्यापर्यंत उतरू शकतो. खालच्या बाजूला मात्र हवा जोरात दाबली जाते. सुपावर दाणे आपटावेत तसे हवेचे रेणू पोटावर आदळतात, असे मानून हिशेब केला तरी उत्तर बरेच जवळ येते. झेंगर यांनी हेच गृहीत धरून विमानाचे पोट सपाट ठेवले, पुढचा भाग निमुळता केला आणि पंख आखूड, पातळ, पाचरीसारखे घेतले.

लांबी सुमारे २८ मीटर, पंखांचा विस्तार १५ मीटर, निघतानाचे वजन १०० टन. त्यातले ९० टन इंधन व ऑक्सिजन. ३ किमी लांबीच्या रुळावरून रॉकेट बसवलेल्या गाडीने त्याला ढकलायचे. मग स्वतःच्या इंजिनाने ताशी सुमारे २२ हजार किमी वेग गाठून ते १४५ किमी उंचीवर जाणार. तिथून खाली येताना दाट हवेच्या थरावर सपाट पोट आपटून पुन्हा वर उसळणार. तळ्यात चपटा दगड आडवा भिरकावला की टप्पे घेत जातो, तसेच.

हे कोणासाठी होते?

अमेरिकेवर बॉम्ब टाकण्यासाठी. ४ टनांचा बॉम्ब न्यूयॉर्कवर सोडून विमान पॅसिफिकमध्ये जपानच्या ताब्यातील बेटांकडे उतरवायचे, अशी ती कल्पना होती. ‘रुपेरी पक्षी’ या गोड नावाने हे झाकता येत नाही. युद्धाच्या रेट्यात १९४२ मध्ये ट्राउएनचे काम गुंडाळले गेले. झेंगर-ब्रेट यांचा गोपनीय अहवाल १९४४ मध्ये अवघ्या १०० प्रतींत निघाला. त्यातल्या काही युद्धानंतर विजेत्यांच्या हाती लागल्या. स्टालिन यांनी तर फ्रान्समध्ये काम करणाऱ्या झेंगर यांना गाठून आणण्यासाठी माणसे पाठवली. ती रिकाम्या हाताने परतली.

गणित कुठे चुकले?

उष्णतेत. नंतरच्या फेरमोजणीत दिसले, की पहिल्याच टप्प्याला विमानाचे कवच अंदाजापेक्षा कितीतरी जास्त तापले असते. जाड कवच घालावे, तर बॉम्बसाठी वजनच उरत नव्हते. टोकदार नाकही अडचणीचे होते. बोथट नाकासमोर धक्कालहर जरा अंतर राखून उभी राहते आणि बरीच उष्णता बाजूच्या हवेतच निघून जाते, हे अमेरिकेत हार्वी अ‍ॅलन यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले.

अमेरिकी हवाई दलाच्या ‘डायना-सोर’ यानात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या : पोट सपाट, नाक बोथट. जर्मन रॉकेट प्रकल्पाचे माजी प्रमुख वाल्टर डोर्नबर्गर अमेरिकेतील बेल कंपनीत गेले होते. झेंगर यांची कल्पना तिथे रुजवण्यात त्यांचा हात होता. १९८१ मध्ये उडालेल्या स्पेस शटलचे पोटही सपाटच होते. टप्पे घेण्याची पद्धत मात्र मागे पडली. प्रत्येक टप्प्याला तापण्यापेक्षा हवेवरून सलग घसरत जाणे सोयीचे. अमेरिकेत तेव्हा काम करणाऱ्या च्येन श्वेसन यांनी १९४९ मध्ये हाच मार्ग सुचवला होता.

शेवटची वर्षे

१९५१ मध्ये झेंगर आंतरराष्ट्रीय अंतराळ महासंघाचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी त्यांनी ब्रेट यांच्याशी विवाह केला. पुढे इजिप्तच्या रॉकेट कार्यक्रमाला सल्ला दिल्यावरून वाद झाला आणि १९६१ मध्ये श्टुटगार्टच्या संस्थेतील पद सोडावे लागले. अमेरिकेने ‘डायना-सोर’ प्रकल्प डिसेंबर १९६३ मध्ये रद्द केला. पाठोपाठ १० फेब्रुवारी १९६४ रोजी बर्लिनमध्ये झेंगर यांचे निधन झाले. वय ५८.

ऐंशीच्या दशकात जर्मनीने दोन टप्प्यांच्या हायपरसॉनिक विमानाचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा त्याला ‘झेंगर’ हेच नाव दिले. तोही नव्वदीत बंद झाला.