संविधान सभेतील फादर जेरोम डिसोजा

भारताचे संविधान घडविणाऱ्यांमध्ये येशूसंघाचे एक धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. फादर जेरोम डिसोजा यांचा जन्म १८९७ साली मंगळूर येथे झाला. येशूसंघात आल्यावर त्यांनी अध्यापनाचे कार्य पत्करले व पुढे मद्रासच्या लोयोला महाविद्यालयाची धुरा सांभाळली. १९४६ मध्ये काँग्रेसच्या वतीने ते मद्रास प्रांतातून संविधान सभेवर निवडून गेले.

१ मे १९४७ रोजी सभेत एक कलम चर्चेला आले. फसवून वा दबावाने केलेले, तसेच १८ वर्षांखालील व्यक्तीचे धर्मांतर कायद्याने मानू नये, असे त्यात होते. मग आईबापांनी बाप्तिस्मा घेतला तर पाळण्यातल्या बाळाचा धर्म कोणता? ही अडचण डॉ. आंबेडकरांनीही दाखवली. फादरांनी कुटुंबाची व आईबापांच्या हक्काची बाजू मांडली. कलम पुन्हा सल्लागार समितीकडे गेले आणि अंतिम संविधानात आलेच नाही.

खरा वाद राखीव जागांचा. मसुद्यात ख्रिस्ती समाजालाही विधिमंडळात राखीव जागा होत्या. मे १९४९ मध्ये सरदार पटेलांनी धार्मिक अल्पसंख्याकांच्या या जागा काढून टाकण्याचा प्रस्ताव आणला आणि फादरांनी त्याला पाठिंबा दिला. हातातले का सोडले, असे आजही काहीजण विचारतात. आम्हांला तो निर्णय योग्य वाटतो. राखीव मतांवर उभा राहणारा समाज शेजाऱ्यांपासून तुटतो. शिवाय शाळा चालविण्याचा व धर्मप्रसाराचा हक्क संविधानाने दिलाच. (दलित ख्रिस्ती बांधवांच्या सवलती नाकारल्या त्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.)

त्यांचे दुसरे काम आपल्या अधिक जवळचे. १९२८ च्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असत. स्वतंत्र देशात परक्या सरकारने आपले महागुरू ठरवावेत, हे कसे चालणार? पंडित नेहरूंनी याबाबत रोमशी बोलणी करण्यास फादरांना पाठवले. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला. त्याच वर्षी वलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. तेव्हा वसईही त्याच धर्मप्रांतात होती.

१९५१ मध्ये फादरांनी पुण्यात सामाजिक अभ्यासाची संस्था काढली; ती पुढे दिल्लीला गेली. १९७७ मध्ये ते देवाघरी गेले.