रविवार आम्हाला कुणी दिला?

रविवारची सुटी कुणी दिली, असे आमच्या कुठल्याही नोकरदार बांधवाला विचारा. तो इंग्रजांचे नाव घेईल. हे अर्धसत्य आहे. साहेबाच्या कचेरीला रविवारी टाळे लागत असे, कारण साहेबाला चर्चमध्ये जायचे असे. त्याच मुंबईत गिरणी कामगाराला मात्र आठवड्याची सुटी नव्हती. ती मिळवून देणाऱ्या रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांना आम्ही विसरलो, ही आमची कृतघ्नता आहे.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात एका गरीब माळी कुटुंबात जन्मले. मॅट्रिकपर्यंत शिकले. काही काळ रेल्वे व पोस्ट खात्यात नोकरी करून मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे हातात वही-लेखणी असलेला माणूस. आपला पगार, आपले घर, असे म्हणून त्यांना गप्प बसता आले असते. पण गिरणीत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभी असलेली माणसे त्यांना दिसत होती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने कामाचे तास ठरविले ते फक्त मुलांचे. ७ ते १२ वर्षांच्या लेकरांना ९ तास! मोठ्या स्त्री-पुरुषांना कसलीच मर्यादा नव्हती.

महात्मा फुले यांचा हा सत्यशोधक सहकारी १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र चालवू लागला. २३ सप्टेंबर १८८४ रोजी त्यांनी परळला कामगारांची सभा घेतली. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, जखमी कामगाराला भरपाई, अशा मागण्या मांडल्या. निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. मालक हलले नाहीत. लोखंडेही हटले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे १०,००० कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुटी आली. आम्ही वकिलीत रोज कायद्याची कलमे वाचतो. कलमामागे कुणाची तरी सात-आठ वर्षे खर्ची पडलेली असतात, हे लोखंड्यांचे चरित्र शिकवते.

विधवांचे केशवपन करणार नाही, असे ठरवून मुंबईच्या नाभिक बांधवांनी १८९० मध्ये संप केला, त्यामागेही लोखंडेच होते. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांनाच प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले.

ही वाट पुढे बाबासाहेबांनी रुंद केली. मजूर मंत्री या नात्याने १९४६ मध्ये त्यांनी मांडलेल्या विधेयकामुळे बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले.

आणि आज? २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना, रोजची वेळ वाढवून, पाच दिवसांचा आठवडा मिळाला. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण रुग्णालये, पोलीस, सफाई कामगार त्यातून वगळले गेले. खासगी कार्यालयांत तर उलटी गंगा आहे. २०२३ मध्ये एका उद्योगपतीने तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला, २०२५ मध्ये दुसऱ्याने ९० तासांची भाषा केली. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील रोजचे तास ९ वरून १० आणि कारखान्यांतील १२ करण्याला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहील, असे सांगितले जाते. पण ज्या कचेरीत युनियन नाही, तिथे हे तास मोजणार कोण?

लोखंडे स्वतः खुर्चीवर होते आणि उभ्या माणसांसाठी लढले. शनिवार-रविवार घरी बसणाऱ्या आमच्या बांधवांनी सोमवारी एवढेच करावे. आपल्याच कार्यालयात झाडू मारणाऱ्या कंत्राटी कामगाराला विचारावे, बाबा, तुला आठवड्याची सुटी मिळते का? आणि त्या दिवसाचा पगार ठेकेदार कापतो का?

उत्तर ऐकल्यावर गप्प बसू नये.