खानदेशच्या बहिणाबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त मी कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्याविषयी चार शब्द लिहीत आहे. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई त्या निराळ्या. या बाई उत्तरेकडच्या, खानदेशातल्या. जळगावजवळच्या असोदे गावी महाजनांच्या घरी १८८० साली त्यांचा जन्म झाला. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी लग्न होऊन त्या शेतकऱ्याच्या घरात आल्या. पुढचे सारे आयुष्य शेत, जाते, चूल, गुरे यांतच गेले, आणि गाणीही तिथेच सुचली.

त्यांची नजर मोठी विलक्षण होती. एकाच वस्तूत दोन उलट गुण कसे नांदतात हे त्यांना चटकन दिसे. भिलावा, म्हणजे आपला बिब्बा, त्याचे तेल अंगावर उतते. पण त्याच्याच पोटात गोडंबी असते, जी आपण बाळंतिणीच्या लाडवांत घालतो. संसाराला बिब्बा म्हणून नावे ठेवणाऱ्यांना त्यांनी ही गोडंबी दाखवली. मोटेवरचे त्यांचे गाणे तर मला फारच आवडते. बैल धावेवरून खाली उतरतात तेव्हा पाणी वर येते. दोन बैल, दोन मोटा, चढण आणि उतरण, सगळे जोडीजोडीने. पण पाणी एकच. हाकणारा एक आणि त्यावर जगणारे किती तरी जीव! आता विहिरीवर मोटारी आल्या, म्हणून आपल्या सुनांना हे समजावून सांगावे लागते.

सुगरणीच्या खोप्यावरचे गाणे सर्वांना ठाऊक आहे. पक्ष्यांचे जाणकार सांगतात की खोपा विणतो तो नर, मादी फक्त पसंत करते. असेना का! नुसत्या चोचीने केलेले ते विणकाम आणि झाडाच्या आधाराने वाढणारी पिल्ले बाईंनी पाहिली, ते काही खोटे नाही.

तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. पदरी ओंकार, सोपान आणि काशी ही मुले. प्लेगमुळे ओंकारला कायमचे अपंगत्व आले. त्या काळी विधवा बाईने कोपऱ्यात बसावे अशीच रीत. बाई शेतात गेल्या. कपाळाचे कुंकू गेल्यावर त्यांनी गोंदणाकडे पाहिले, बांगड्या गेल्यावर मनगटाकडे. नशीब सांगायला येणाऱ्या ज्योतिषालाही त्यांनी गाण्यातून दारातूनच परत पाठवले. हे वाचताना माझे डोळे भरून येतात, पण त्या गाण्यात मात्र रडगाणे नाही.

लिहिता येत नसल्याने त्या काम करता करता म्हणत, आणि पुष्कळसे वाऱ्यावर जाई. मुलगा सोपानदेव पुढे स्वतः कवी झाले. त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने कानी पडले ते टिपून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून ती गाणी घरोघर पोचली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले.

आपल्याकडेही जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या किती तरी जणी होऊन गेल्या. त्यांच्या घरी वही घेऊन बसणारे कोणी नव्हते.